सर्वांत मोठे अक्षर कोणाचे?

संगीताच्या अल्बमची जाहिरात समोर आली, मग ती वर्तमानपत्राच्या कोपऱ्यातली असो, पुण्यातल्या अलका टॉकीज चौकातल्या फलकावरची असो की मोबाइलवर कोणी पाठवलेली असो, मी आधी एकच गोष्ट पाहतो: तिच्यात सर्वांत मोठे काय आहे? गायकाचे नाव, देवाचा चेहरा, चित्रपटातल्या नायिकेचे डोळे, रागाचे नाव, कंपनीचे बोधचिन्ह की नुसतीच मोकळी सोडलेली जागा? छपाईसाठी मांडणी करणे हा माझा व्यवसाय आहे, त्यामुळे ही सवय लागली असावी; पण या एवढ्या निरीक्षणावरून ती जाहिरात कोणासाठी केली आहे हे बहुतेक वेळा ओळखता येते. मांडणी करणाऱ्याला कागदावर गाणे ऐकवता येत नाही. आकार, रंग, अक्षर, छायाचित्र आणि मोकळी जागा एवढ्याच साधनांनिशी त्याला रस्त्याने जाणाऱ्या शंभर माणसांतल्या नेमक्या दहांना थांबवायचे असते. ते दहा जण काय शोधत आले आहेत आणि त्यांना आधीपासून काय ठाऊक आहे, हे ज्याने ओळखले त्याची जाहिरात लागू पडते, असे माझे अनेक वर्षांच्या कामावरून झालेले मत आहे. ते थोडे विस्ताराने मांडतो.

ध्वनिमुद्रिकांच्या सुरुवातीच्या काळात सर्वांत मोठी असायची ती कंपनी आणि तिचे यंत्र. ग्रामोफोनच्या कर्ण्यासमोर कान देऊन बसलेला कुत्रा आपल्याकडच्या कित्येक घरांत गायकांच्या चेहऱ्यांच्याही आधी ओळखीचा झाला. फ्रान्सिस बॅरोड या चित्रकाराचे हे चित्र ग्रामोफोन कंपनीने १८९९ मध्ये विकत घेतले. मूळ चित्रात कुत्र्यासमोर नळकांड्यावर चालणारे फोनोग्राफ यंत्र होते. ते पुसून तिथे कंपनीचा ग्रामोफोन रंगवून घेण्यात आला. आज हे चित्र आपल्याला केवळ गोंडस वाटते, परंतु त्या काळच्या गिऱ्हाइकाच्या मनातली शंका लक्षात घेतली तर त्याचा नेमकेपणा कळतो. यंत्रातून येणारा आवाज खरोखर माणसासारखा वाटेल का, ही ती शंका होती, आणि धन्याचा आवाज ओळखणारा कुत्रा तिचे उत्तर देत होता. गायक कोण हा प्रश्न तेव्हा दुसरा होता. १९०२ मध्ये कलकत्त्यात कंपनीचे ध्वनिमुद्रक फ्रेड गायसबर्ग यांनी गायिका गौहर जान यांचे ध्वनिमुद्रण केले, तेव्हा गाण्याच्या शेवटी गौहर जान यांनी स्वतःचे नाव इंग्रजीत उच्चारले. तबकड्या दूर जर्मनीत हॅनोव्हरला छापल्या जात असल्यामुळे कोणती तबकडी कोणाची हे तिथल्या कामगारांना कळावे, अशी त्यामागची सोय सांगितली जाते. परिणाम मात्र असा झाला की, ऐकणाऱ्याला गायिकेचे नाव तिच्याच आवाजात आणि तिच्याच ऐटीत कळू लागले. छापील अक्षर जिथे अजून लहान होते तिथे आवाजाने स्वतःची जाहिरात करून घेतली, असे याकडे पाहता येते.

मुखपृष्ठ हेच जाहिरातीचे मुख्य साधन व्हावे ही कल्पना त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आली. अमेरिकेत कोलंबिया कंपनीच्या तबकड्यांचे संच तपकिरी किंवा करड्या जाड पुठ्ठ्यात मिळत आणि दुकानात त्यांच्या फक्त कडा दिसत. त्या कंपनीत नव्याने रुजू झालेल्या ॲलेक्स स्टाइनवाइस या तरुण चित्रकाराने १९४० च्या सुमारास या पुठ्ठ्यावर चित्र छापण्याचा आग्रह धरला. त्याचे पहिले मुखपृष्ठ नाटकांच्या गाण्यांच्या संचासाठी होते. त्यासाठी त्याने एका नाट्यगृहाच्या दर्शनी दिव्यांच्या पाटीवर संचाचे नाव लावून घेतले आणि रात्री त्याचे छायाचित्र काढले. मला या निवडीचे फार कौतुक वाटते. नाट्यगृहाबाहेर तिकीट हातात धरून उभे राहण्याचा अनुभव ज्यांनी घेतला होता त्यांच्यासाठीच तो संच होता, आणि चित्राने त्यांना थेट त्या दारात नेऊन उभे केले. पुढे १९४८ मध्ये बारा इंची एलपी, म्हणजे जास्त वेळ वाजणारी तबकडी, आली आणि जवळपास एकतीस सेंटिमीटर लांबीरुंदीचा चौरस मांडणीकाराच्या हाती पडला. तेवढी ऐसपैस जागा त्याला नंतर कधीही मिळाली नाही.

आपल्याकडच्या चित्रपटसंगीतात मात्र गाणाऱ्याचे नाव दिसण्यासाठीच झगडा होता. १९४९ च्या 'महल' चित्रपटातल्या गाजलेल्या गाण्याच्या तबकडीवर गायिका म्हणून 'कामिनी' असे छापलेले होते. कामिनी हे पडद्यावरच्या पात्राचे नाव होते. लता मंगेशकर यांचे नाव श्रोत्यांनी रेडिओकडे विचारणा केल्यावर लोकांपुढे आले. चित्रपटाच्या गाण्यांची जाहिरात ही त्या काळी चित्रपटाचीच जाहिरात होती, त्यामुळे तिथे नायक-नायिकेचे चेहरे मोठे असणे स्वाभाविक होते. पुण्यात विधी महाविद्यालय रस्त्यावर १९६४ पासून कार्यरत असलेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जुन्या चित्रपटांच्या गाण्यांच्या पुस्तिका जपलेल्या आहेत. चित्रपटगृहात अगदी थोड्या पैशांत मिळणाऱ्या अशा पुस्तिकांच्या मुखपृष्ठावर चेहरे असत आणि आत गाण्यांचे शब्द. घरी जाऊन गाणे पुन्हा म्हणता यावे म्हणून प्रेक्षक ती विकत घेई. म्हणजे बाहेरचे चित्र आठवणीसाठी आणि आतले शब्द गळ्यासाठी, अशी कामाची स्वच्छ वाटणी होती. नंतरच्या काळात एलपीच्या आणि कॅसेटच्या मुखपृष्ठांवरही चेहरे पडद्यावरच्याच कलाकारांचे राहिले आणि पार्श्वगायकांची नावे बहुधा मागच्या बाजूला गेली. प्रेक्षक गाणे डोळ्यांसमोर आणतो ते पडद्यावरच्या चेहऱ्यासकट, हे यामागचे कारण खरे असले, तरी गाणाऱ्यावर त्यात अन्याय झाला हेही तितकेच खरे आहे.

भक्तिसंगीताच्या जाहिरातीत सर्वांत मोठा असतो तो देव. गायक कितीही नामवंत असला तरी त्याचे छायाचित्र खाली कोपऱ्यात, गोल किंवा लंबगोल चौकटीत, पुष्कळदा हात जोडलेले. कमरेवर हात ठेवलेला विठ्ठल, गळ्यात तुळशीची माळ, मागे केशरी-पिवळी प्रभा आणि पायाशी चंद्रभागा, ही रचना आपण इतक्या वेळा पाहिली आहे की ती कोणी तरी ठरवून केली असेल असे वाटतच नाही. तिचे मूळ शोधत गेले तर आपण रंगीत देवचित्रांच्या छपाईपर्यंत पोहोचतो. राजा रविवर्मा यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि पुढे पुण्याहून लोणावळ्याकडे जाताना लागणाऱ्या मळवलीला हलला. तिथून निघालेल्या चित्रांनी घराघरातल्या भिंतींवरचे देव ठरवले. दिनदर्शिका, उदबत्तीचे पुडे आणि शेवटी कॅसेटची वेष्टने याच वाटेने गेली. १९८० च्या दशकात स्वस्त कॅसेटचा सुकाळ झाला, टी-सीरिजसारख्या कंपन्यांनी भक्तिगीते गल्लीबोळातल्या दुकानांपर्यंत नेली, आणि नव्या श्रोत्यांसाठी हेच चित्र सर्वांत उपयोगी ठरले. आषाढात ज्ञानोबा-तुकारामांच्या पालख्या पुण्यात मुक्कामाला येतात तेव्हा नाना पेठ आणि भवानी पेठ परिसरातल्या रस्त्यांवर मांडलेल्या विक्रीच्या पथाऱ्यांसमोर उभे राहिले की या मांडणीचा अर्थ कळत असे. चालून थकलेला, गर्दीतून पुढे ढकलला जाणारा, कदाचित वाचता न येणारा वारकरी चार हात अंतरावरून आपला विठ्ठल ओळखी आणि कॅसेट उचली. तिथे संयत, रिकाम्या जागेची, एका रंगातली मांडणी केली असती तर ती अहंकाराची ठरली असती. भडक रंगांना नाके मुरडणाऱ्या मांडणीकारांशी माझे या बाबतीत नेहमीच मतभेद होतात. ते रंग देवळातल्या फुलांचे, हळदकुंकवाचे आणि पताकांचे आहेत, आणि ज्याच्यासाठी ते वापरले आहेत त्याला ते भडक वाटत नाहीत.

शास्त्रीय संगीताच्या कॅसेटचे वेष्टन याच्या अगदी दुसऱ्या टोकाला असते. माझ्यासमोर आत्ता एका ख्यालगायनाच्या कॅसेटचे इनले कार्ड, म्हणजे डबीत घडी घालून ठेवलेले छापील कार्ड, आहे. पुढची बाजू जेमतेम दहा सेंटिमीटर उंच आणि साडेसहा सेंटिमीटर रुंद, म्हणजे एलपीच्या मुखपृष्ठाच्या सुमारे पंधराव्या हिश्शाची. वरच्या तृतीयांशात गायकाचे नाव, त्याखाली तंबोऱ्याच्या भोपळ्याला टेकलेला कृष्णधवल चेहरा, आणि सर्वांत खाली रागाचे नाव. घडीवरच्या अरुंद पट्टीवर पुन्हा नाव आणि राग, कारण फडताळात कॅसेट उभी ठेवली की तेवढेच दिसते. आतल्या घडीवर मात्र बारीक अक्षरांची दाटी आहे: बाजू अ, विलंबित एकताल, बंदिशीचे पहिले शब्द, मिनिटे आणि सेकंद, बाजू ब, द्रुत तीनताल, त्यानंतर दुसरा राग, तबला, संवादिनी आणि तंबोऱ्याच्या साथीला कोण होते त्यांची नावे, आणि मैफल कोणत्या वर्षीची ते. हे बारीक अक्षर जाहिरातशास्त्राच्या पुस्तकी नियमांप्रमाणे निरुपयोगी ठरेल. पण ज्या श्रोत्यासाठी ही कॅसेट काढली, तो दुकानात चष्मा कपाळावर सरकवून आधी हेच वाचतो. त्याला गायक ठाऊक आहे, घराणे ठाऊक आहे. आपल्याकडे नसलेला राग यात आहे का, आणि तबल्याला कोण आहे, हे त्याला हवे असते. कर्वे रस्त्यावरच्या अलूरकर म्युझिक हाऊसने जुन्या मैफलींची ध्वनिमुद्रणे प्रसिद्ध करून पुण्यातल्या ज्या श्रोतृवर्गाची भूक भागवली तो हाच वर्ग. सवाई गंधर्व महोत्सव १९५३ पासून चालत आला आहे. तिथे मंडपाबाहेरच्या दालनांत कॅसेटी आणि पुढे सीडी चाळणाऱ्यांना मी जवळून पाहिले आहे. आकर्षक मुखपृष्ठावर त्यांची नजर क्षणभर थांबे, आणि हात मात्र मागची बाजू उलटून पाही. अशा श्रोत्यासाठी माहिती हेच आकर्षण असते, आणि ती कमी करून मुखपृष्ठ 'स्वच्छ' करण्याचा आग्रह हा त्याच्याविषयीच्या अज्ञानातून येतो.

पुण्यातल्या अल्बमच्या जाहिरातीची एक आणखी खासियत आहे, ती म्हणजे इथे अल्बमची जाहिरात ही पुष्कळदा त्याच्या प्रकाशन सोहळ्याची जाहिरात असते. भरत नाट्य मंदिर, टिळक स्मारक मंदिर किंवा यशवंतराव चव्हाण नाट्यगृह, वेळ सायंकाळी साडेपाच, 'प्रवेश विनामूल्य' आणि लगेच खाली 'काही रांगा राखीव'. वर्तमानपत्रातल्या दोन रकान्यांच्या या चौकटीत अल्बमचे नाव मध्यभागी असले, तरी वाचकाची नजर 'यांच्या शुभहस्ते' या ओळीकडे जाते. परदेशी संगीत मासिकांतल्या पानभर जाहिराती पाहिल्या तर तिथे या जागी समीक्षकांनी दिलेले तारे आणि मासिकांतल्या परीक्षणांतली एखादी ओळ असते. दोन्हींचे काम एकच, ओळखीच्या माणसाने भरवसा देणे. तिथल्या तरुण वाचकाचा भरवसा त्याच्या आवडत्या मासिकावर असतो. इथल्या सदाशिव पेठेतल्या किंवा कोथरूडमधल्या रसिकाचा भरवसा त्या क्षेत्रातल्या ज्येष्ठ व्यक्तीवर असतो. एखाद्या बुजुर्ग गायकाने नवोदित गायिकेच्या पहिल्या अल्बमला हात लावला आहे, एवढे कळले की तो रसिक कार्यक्रमाला येतो आणि मध्यंतरात अल्बम विकतही घेतो. त्यामुळे ती ओळ किती मोठी ठेवायची हा शिष्टाचाराइतकाच आवाहनाचाही प्रश्न आहे, आणि माझ्या मते नवोदितांच्या बाबतीत ती जरा मोठीच ठेवावी.

भावगीतांच्या बाबतीत मांडणीकाराची कसोटी लागते, कारण तिथे एक नाव पुरत नाही. गीत, संगीत आणि स्वर या तिघांवर मराठी श्रोत्याचे सारखेच प्रेम असते. कवीचे नाव विचारल्याशिवाय गाण्याची चर्चा सुरू न करणारी माणसे या गावात पुष्कळ आहेत. म्हणून 'गीत', 'संगीत', 'स्वर' अशा तीन ओळी एकाच आकाराच्या अक्षरांत ठेवण्याची जुनी पद्धत मला आजही योग्य वाटते. अडचण येते ती नावे वाढू लागली की. एका संस्थेच्या अल्बमसाठी मी केलेल्या जाहिरातीत निवेदक, संयोजक, ध्वनिमुद्रक, प्रायोजक आणि समितीचे सदस्य यांची नावे एकाच आकारात असावीत असा हट्ट धरला गेला. ती तशी छापली गेली, आणि त्या गर्दीत ज्या कवीच्या कवितांवर तो अल्बम होता तो कवी कोणालाही दिसला नाही. ज्यांना त्या कविता तोंडपाठ होत्या अशा वाचकांपर्यंत त्या जाहिरातीतून तो अल्बम पोहोचू शकला नाही, याचे मला आजही वाईट वाटते. सर्वांना समान मान देण्याची जागा प्रास्ताविकात आणि आभारप्रदर्शनात असते. जाहिरातीत तो मान दिला की वाचणाऱ्याला काय पाहावे हेच कळत नाही.

आता अक्षरांविषयी, कारण मराठी जाहिरातीचे खरे मर्म तिथे आहे. मराठी नाटकांच्या जाहिरातींत कमल शेडगे यांनी नाटकाचे नाव अशा रीतीने रेखाटण्याची परंपरा निर्माण केली, की अक्षरांच्या वळणातच विषय दिसावा. शोकांतिकेचे अक्षर वेगळे, फार्सचे वेगळे, ऐतिहासिकाचे वेगळे. बालगंधर्व रंगमंदिराच्या आवारातले फलक पाहत मोठ्या झालेल्या प्रेक्षकाला हे न शिकवता वाचता येते, आणि संगीताच्या जाहिरातींनी या शिकवणीचा पुरेपूर फायदा घेतला. बोरूच्या जाड-बारीक वळणाचे अक्षर दिसले की अभंग किंवा नाट्यसंगीत. उभ्या, धारदार, भाल्याच्या टोकासारख्या अक्षरात पोवाडा. कुंचल्याच्या ओल्या फटकाऱ्याने लिहिलेले, शिरोरेघ मुद्दाम सोडलेले अक्षर असले की पावसाची किंवा प्रेमाची गाणी. वाचक शब्द वाचण्याआधी अक्षराचा घाट ओळखतो, आणि आपल्यासाठी आहे की नाही हे तिथेच ठरवतो. संगणक आले तेव्हा ही विविधता काही काळ आटली. पुण्यातल्याच सी-डॅक या संगणक संस्थेचे 'योगेश' आणि 'सुरेख' हे टंक (संगणकावरची अक्षरवळणे), मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी ही संगणकप्रणाली, यांनी मराठी अक्षरजुळणी कमालीची सोपी केली आणि त्याबद्दल आम्ही मुद्रणातले लोक त्यांचे ऋणी आहोत. पण त्याच मोजक्या वळणांत लग्नपत्रिका, सोसायटीच्या सूचना आणि अभंगांच्या कॅसेटी सगळ्याच छापल्या जाऊ लागल्या. वळण सगळीकडे एकच झाले की ते श्रोत्याला काहीच सांगेनासे होते. अलीकडे 'मुक्ता', 'बलू', 'मोदक' असे नव्या घडणीचे आणि विनामूल्य मिळणारे टंक आल्यामुळे पुन्हा हालचाल दिसते.

एक चूक मात्र मला नव्या जाहिरातींत सतत दिसते. रोमन लिपीत अक्षरे लांब-लांब ठेवली की शब्दाला श्रीमंती येते, म्हणून तीच आज्ञा मराठी शब्दावर वापरली जाते. देवनागरीत शब्द शिरोरेघेने बांधलेला असतो. अक्षरांत अंतर घातले की ती रेघ तुटते, काना एका बाजूला आणि व्यंजन दुसऱ्या बाजूला जाते, आणि 'स्वरांजली' हा शब्द वाचताना जीभ अडखळते. शब्दाला मोठेपणा द्यायचा असेल तर त्याच्या भोवतीची जागा वाढवावी, आतली वाढवू नये. तसेच वेलांट्या, मात्रा, रफार आणि उकार यांच्यामुळे मराठी ओळीला वर आणि खाली जास्त उंची लागते. इंग्रजी मांडणीच्या चौकटीत मराठी शीर्षक बसवले की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. ज्याला ही लिपी लहानपणापासून डोळ्यांत बसलेली आहे अशा वाचकाला काय खटकले ते सांगता येत नाही, पण जाहिरात परकी वाटते, आणि आपल्या भाषेच्या गाण्यासाठी परके वाटणे हा मोठा तोटा आहे.

छायाचित्राच्या बाबतीत मी गायकाची नजर पाहतो. शास्त्रीय गायकाचे डोळे बहुधा मिटलेले किंवा वर लागलेले असतात, एक हात हवेत असतो. तो श्रोत्याकडे पाहत नाही, आणि श्रोत्याला तेच हवे असते. त्याला मैफलीत मागे बसून ऐकू दिल्यासारखे वाटते. सुगम किंवा पॉप संगीतातला गायक सरळ कॅमेऱ्यात पाहतो, म्हणजे गाणे तुमच्यासाठी आहे असे सांगतो. १९९० च्या दशकात संगीतवाहिन्या आल्यानंतर आपल्याकडच्या खासगी अल्बमच्या जाहिराती या दुसऱ्या प्रकारच्या झाल्या, आणि ज्या वयात कोणीतरी आपल्याकडे पाहावे असे वाटते त्या वयाच्या श्रोत्यांनी त्यांना प्रतिसाद दिला. या दोहोंच्या मधला एक मार्ग अमेरिकेतल्या ब्लू नोट या जॅझ कंपनीने १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात काढला. फ्रान्सिस वुल्फ ध्वनिमुद्रणाच्या वेळी वादकांची छायाचित्रे काढत असत आणि रीड माइल्स ती निर्दयपणे कापून, एखाद्या रंगात बुडवून, शेजारी भली मोठी अक्षरे उभी करत. वादक तिथे कामात गढलेला दिसतो, आणि अक्षरे ताल धरतात. आपल्या तबलावादकांच्या आणि सतारवादकांच्या अल्बमसाठी असा विचार फारसा झाला नाही याची मला खंत आहे. आपल्याकडे वादकाला रेशमी झब्बा घालून, वाद्य मांडीवर ठेवून, हसतमुख बसवण्याची रीत पडली आहे. तबल्यावरची बोटे जवळून दाखवली तर ऐकणाऱ्याच्या कानात बोल उमटायला लागतील.

जिथे श्रोत्याला सगळेच ठाऊक असते तिथे जाहिरात नावही गाळू शकते. पिंक फ्लॉइड या इंग्लिश समूहाच्या १९७० च्या एका अल्बमच्या मुखपृष्ठावर फक्त एक गाय होती, आणि १९७३ च्या अल्बमवर काळ्या पार्श्वभूमीवर लोलकातून फुटणारा प्रकाश. दोन्हींवर ना समूहाचे नाव, ना अल्बमचे. चाहत्याला आपण गुपितात सामील आहोत असे वाटावे, ही त्यातली ताकद होती. मात्र हे धाडस नावलौकिक झाल्यावरचे आहे. डोअर्स या नव्या समूहासाठी त्याच्या कंपनीने १९६७ मध्ये लॉस एंजेलिसच्या सनसेट स्ट्रिपवर मोठा फलक लावला होता, आणि संगीताच्या अल्बमसाठी रस्त्यावर असा फलक लावण्याची प्रथा तिथून सुरू झाली असे मानले जाते. नवख्याला रस्त्यावर उभे राहून स्वतःची ओळख करून द्यावीच लागते. पहिलाच अल्बम काढणारे काही तरुण माझ्याकडे येतात आणि नाव न घालता नुसते धूसर चित्र हवे म्हणतात, तेव्हा मी त्यांना हा क्रम समजावून सांगतो.

जुन्या गाण्यांची विक्री ही वेगळीच कला आहे, आणि तिचा अलीकडचा उत्तम नमुना म्हणजे २०१७ मध्ये आलेला सारेगामाचा कारवाँ. पाच हजार गाणी आधीच भरलेली ही पेटी दिसायला मुद्दाम जुन्या रेडिओसारखी केली, समोर गोल बटण ठेवले, आणि जाहिरातींतून ती मुलांनी आईवडिलांना देण्याची भेट म्हणून मांडली. ऐकणारा साठीचा आणि पैसे देणारा तिशीचा, हे ओळखून केलेली ही मांडणी आहे. बटणाचा आकार वडिलांच्या हातासाठी आहे, जाहिरातीतला भाव मुलीच्या मनासाठी.

आता सगळा कारभार मोबाइलवर आला आहे. स्पॉटिफायसारख्या सेवा अल्बमचे मुखपृष्ठ यादीत नखाएवढे दाखवतात. ॲपल म्युझिकच्या नियमांप्रमाणे त्या चित्रात किंमत किंवा संकेतस्थळाचा पत्ता घालता येत नाही. तीन ते आठ सेकंदांचे, पुन्हा पुन्हा फिरणारे उभे चलच्चित्र जोडण्याची सोय स्पॉटिफायवर आहे, आणि पुण्यातले स्वतंत्रपणे गाणारे तरुण ती चांगली वापरतात: डेक्कनच्या पुलावरून जाणाऱ्या दुचाकींचे दिवे, सिंहगडाच्या वाटेवरचे धुके, गिटारच्या तारेवरची बोटे. त्यांचा श्रोता अंगठ्याने पडदा सरकवत असतो आणि हालचाल दिसली तरच थांबतो, म्हणून ही निवड योग्यच आहे. देवनागरीचे काय करायचे हा प्रश्न मात्र उरतो. नखाएवढ्या चौरसात जोडाक्षरांच्या पोकळ्या बुजतात, वेलांटी आणि मात्रा यांतला फरक दिसत नाही, आणि त्यामुळे बरेच जण मराठी गाण्याचे नावही रोमन लिपीत घालू लागले आहेत. मी त्यांना एकच ठळक शब्द, शक्यतो दोन-तीन अक्षरांचा, जोडाक्षर नसलेला, चौरसाच्या निम्म्या उंचीएवढा मराठीत घ्यायला सांगतो. पूर्ण शीर्षक चित्राखाली मजकुरात येतेच. असे केलेली मुखपृष्ठे यादीत चटकन वेगळी दिसतात, कारण भोवतीच्या सगळ्या चौरसांवर रोमन अक्षरे असतात.

या लहान चौरसाने सर्वांत जास्त नुकसान केले आहे ते आतल्या घडीवरच्या बारीक अक्षराचे. कवी, संगीत संयोजक, तबलावादक, बासरीवादक यांच्यासाठी जाहिरातीत जागाच उरलेली नाही, आणि ती माहिती शोधणारा श्रोता मात्र अजून इथेच आहे. इन्स्टाग्रामवर एकाच पोस्टमध्ये अनेक चित्रे लावता येतात. पहिल्या चित्रात एक चेहरा किंवा एक शब्द, आणि दुसऱ्या चित्रात जुन्या इनले कार्डाप्रमाणे सगळी नावे, प्रत्येक गाण्याची वेळ, राग किंवा वृत्त असल्यास तेही, कृष्णधवल अक्षरांत, नीट ओळीने, अशी मांडणी मी गेल्या काही कामांत करून दिली आहे. प्रकाशनानंतर ज्या प्रतिक्रिया आल्या त्यांत पहिल्या चित्राचे कौतुक करणारे तरुण होते, आणि दुसरे चित्र जतन करून ठेवणारे, इतरांना पाठवणारे आणि 'बासरी कोणाची ते लिहिलेत हे फार बरे केलेत' असे कळवणारे त्यांच्या आईवडिलांच्या वयाचे लोक होते.